विश्लेषण : एकसारख्या दिसणाऱ्या आमरी वेगळ्या कशा ओळखायच्या? सह्याद्रीतील फुलांना नेमके नाव देणारे फादर सांतापाऊ कोण होते?

डाळिंबाचा वाण ओळखण्यात चूक झाली, तर शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. रानातील आमरीचे नाव चुकले, तर ती नाहीशी झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत प्राध्यापक झालेल्या एका धर्मगुरूने ही ओळख पटवण्याच्या कामात आयुष्य घालवले.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंब आहे. या भागात डाळिंबाच्या बागा आहेत आणि बागायतदाराला वाण ओळखायला पुस्तक लागत नाही. भगव्याची केशरी-लाल साल आणि लाल दाणे, आरक्ताचे लहान पण गडद लाल फळ, गणेशचे फिकट गुलाबी दाणे आणि मऊ बी हे सारे तो हातात फळ घेताच सांगतो. या ओळखीवर भाव ठरतो, म्हणून ती पक्की असते.

हाच महामार्ग पुण्याकडे जातो आणि पुण्याच्या पुढे घाट सुरू होतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळा-खंडाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक. तिथल्या झाडांच्या फांद्या शेवाळाने भरलेल्या असतात आणि त्या फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढतात. लग्नाच्या सजावटीतली जांभळी ऑर्किड आता तालुक्याच्या गावातही मिळतात. ती शेडमध्ये वाढवलेली संकरित फुले असतात. त्यांचे रानातले भाऊबंद सह्याद्रीत आहेत. मात्र दोन रानटी आमरींमधला फरक सांगणे डाळिंबाइतके सोपे नाही. हा फरक शोधण्याचे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी पक्के केले, त्यांत फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांचे नाव अग्रभागी येते.

आमरी ओळखणे इतके अवघड का?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र मार्गदर्शिकेनुसार देशात आमरींच्या १,२५६ प्रजाती आहेत. त्यांतील ३८८ प्रजाती फक्त भारतातच आढळतात. काही झाडांवर वाढतात, काही जमिनीत कंदावर. झाडावरच्या आमरींना गावाकडे अनेकदा बांडगूळ समजले जाते. प्रत्यक्षात बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी मात्र झाडाचा केवळ आधार घेते. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर तिचे भागते.

अडचण अशी की, वर्षातील बराच काळ आमरीला फूल नसते. उन्हाळ्यात झाडावर दिसतात त्या फक्त सुरकुतलेल्या काड्या. जमिनीवरच्या आमरी तर पावसाळा संपला की पूर्ण अदृश्य होतात आणि कंद मातीखाली झोपून राहतो. पानांवरून ओळख पटवायला गेले, तर चार-पाच प्रजाती सारख्याच वाटतात. फूल आले तरी रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण एकाच प्रजातीत फिकट आणि गडद अशी दोन्ही फुले येऊ शकतात.

खरी ओळख फुलाच्या रचनेत असते. आमरीच्या फुलातील एक पाकळी इतर पाकळ्यांपेक्षा वेगळी असते. तिला ओठ म्हणतात. कीटक त्यावरच उतरतो. या ओठाचे भाग किती, कडा साध्या की झालरीसारख्या, आत केस आहेत का, मागे लोंबणारी नळी किती लांब, परागांचे गोळे किती, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की नाव ठरते. त्यासाठी भिंग लागते आणि फूल ताजे असावे लागते.

फादर सांतापाऊ कोण होते?

सांतापाऊ यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावी झाला. ते येशूसंघाचे धर्मगुरू होते. रोममध्ये तत्त्वज्ञान आणि लंडनमध्ये वनस्पतिशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. लंडन विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९३० च्या दशकात लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती संग्रहात त्यांनी काम केले.

क्यूचा हा अनुभव पुढे निर्णायक ठरला. ब्रिटिश काळात भारतातून गोळा केलेल्या वनस्पतींचे असंख्य नमुने तिथे पोहोचले होते. एखाद्या वनस्पतीला पहिल्यांदा नाव देताना ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून वर्णन केले जाते, तो नमुना त्या नावाचा कायमचा पुरावा मानला जातो. पुढे कुणाला शंका आली, तर त्याच नमुन्याशी ताडून पाहावे लागते. खंडाळ्यात उगवलेल्या फुलाचा पुरावा हजारो मैलांवरच्या कपाटात, अशी परिस्थिती होती. सांतापाऊ यांना ही दोन्ही टोके माहीत होती.

१९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियम हा वनस्पतींचा संग्रह त्यांच्या कामाचे केंद्र बनला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीशीही त्यांचा निकटचा संबंध होता. संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनात पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्याबरोबर त्यांचाही सहभाग होता.

त्यांच्या आधी कुणी काम केले होते?

सांतापाऊ यांनी शून्यातून सुरुवात केली नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा सर्वांत मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. कुक हे मूळचे इंजिनीअर आणि पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते.

कुक यांच्यानंतर स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातील आमरींची नव्याने तपासणी केली. पावसाळ्याच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या पठारांवर पांढऱ्या फुलांचा सडा घालणारी हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस ही जमिनीवरची आमरी त्यांनीच नावारूपाला आणली. या लांबलचक नावाचा अर्थ ग्रँडिफ्लोरासारखी दिसणारी असा आहे. म्हणजे दिसायला तशी, पण ती नव्हे. दोन फुलांमधला गोंधळ त्या नावातच नोंदवलेला आहे.

ब्लॅटर १९३४ मध्ये वारले. अनेक प्रश्न तसेच राहिले. एकाच फुलाला दोन नावे, दोन फुलांना एकच नाव, तर काही नावांमागे नमुनाच सापडत नाही, असा हा वारसा होता. तो निस्तरण्याचे काम सांतापाऊ यांच्याकडे आले.

दोन सारखी फुले वेगळी कशी ठरवतात?

सह्याद्रीतील दोन उदाहरणे घेऊ. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडांच्या फांद्यांवर, पाने गळालेल्या काड्यांवर, पांढुरक्या फुलांचे झुबके दिसतात. बघणारा त्यांना एकच समजतो. प्रत्यक्षात त्यांत बहुधा दोन प्रजाती असतात.

पहिली डेंड्रोबियम बार्बाट्युलम. तिची फुले पांढरी असतात. बार्बाट्युलम या लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी दाढी असलेली. ओठावर बारीक केसांचा पुंजका असतो, त्यावरून हे नाव पडले. दुसरी डेंड्रोबियम ओव्हेटम. तिची फुले मलईसारखी पिवळसर आणि ओठ आतून हिरवट. तिला पूर्वी क्लोरॉप्स, म्हणजे हिरव्या डोळ्याची, म्हणत. पुढे लिनियसने १७५३ मध्ये दिलेले नाव अधिक जुने असल्याने नियमानुसार तेच ग्राह्य धरले गेले. साधारणपणे ओव्हेटम आधी फुलते, बार्बाट्युलम नंतर. मधल्या काही दिवसांत दोन्ही एकाच रानात फुललेल्या असतात आणि घोटाळा तेव्हाच होतो.

दुसरी जोडी एरिडिस गटातील. मॅक्युलोसा म्हणजे ठिपक्यांची. तिच्या गुलाबी पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतात. क्रिस्पाचे फूल मोठे, पाकळ्या बिनठिपक्यांच्या आणि ओठाची कड झालरीसारखी. पावसाळ्याच्या तोंडावर महाबळेश्वर परिसरातील झाडांवर या आमरी फुलतात. खालून पाहणाऱ्याला दोन्ही फक्त गुलाबी घोस वाटतात. फूल जवळून पाहिले तरच फरक कळतो.

प्रजाती वेगळी की फक्त वाण वेगळा?

ओळख पटवणाऱ्यापुढचा हा सर्वांत कठीण प्रश्न. सीतेची वेणी ही झाडावरची आमरी अनेकांनी पाहिली असेल. वेणीसारख्या लोंबत्या तुऱ्यात पांढरी फुले आणि त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. क्वचित एखाद्या झाडावर पूर्ण पांढरा तुरा सापडतो. संग्राहकांना त्याचे मोठे अप्रूप असते. पण ओठ, नळी आणि परागांचे गोळे तेच असतील, तर ती वेगळी प्रजाती ठरत नाही. रंगद्रव्य तयार न झाल्याने बदललेले ते त्याच प्रजातीचे रूप असते.

उलट चूकही होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात ऑर्किडचे वेड शिगेला पोहोचले होते आणि दुर्मीळ रंगाच्या रोपासाठी लिलावात प्रचंड किंमत मोजली जात असे. ब्राझीलमधून १८१८ च्या सुमारास आलेली कॅटलिया लॅबियाटा ही आमरी तेव्हा सर्वांच्या डोळ्यांत भरली. तिचे मूळ ठिकाण पुढे कित्येक दशके कुणालाच सापडले नाही. दरम्यान दक्षिण अमेरिकेतून आलेली तिच्यासारखी फुले तिचेच वाण म्हणून ओळखली जाऊ लागली. नंतर त्यांतील अनेक स्वतंत्र प्रजाती ठरल्या. सगळा घोळ झाला तो फूल कुठले आणि कधी फुलते याची नोंद नसल्यामुळे.

सांतापाऊ यांची पद्धत काय होती?

वाळवून कागदावर चिकटवलेल्या आमरीचा रंग जातो, मांसल ओठ चपटा होतो आणि तपासणीसाठी फूल पुन्हा पाण्यात उकळून मऊ करावे लागते. त्यामुळे केवळ संग्रहातील कागदांवर विसंबून आमरीची ओळख पटवणे धोक्याचे असते. सांतापाऊ यांचा भर रानात जाऊन जिवंत वनस्पती पाहण्यावर होता.

त्यांनी खंडाळा निवडले. मुंबईहून रेल्वेने पोहोचता येईल असे हे ठिकाण. एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन कोणती वनस्पती कधी पालवते, कधी फुलते, कधी फळते याच्या नोंदी त्यांनी केल्या. त्यातून खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारवीसारख्या, बऱ्याच वर्षांनी एकदम फुलणाऱ्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले.

एकाच जागी वारंवार जाण्याचा फायदा आमरींच्या बाबतीत सर्वांत जास्त होतो. एकाच भेटीत दिसलेले छोटे फूल नवी प्रजाती वाटू शकते. तेच रोप पुढच्या वर्षी चांगल्या पावसात मोठे फूल देते, तेव्हा कळते की फरक पावसाचा होता, प्रजातीचा नव्हे.

या अनुभवाच्या बळावर सांतापाऊ यांनी सहकारी झेड. कपाडिया यांच्यासह तत्कालीन मुंबई राज्यातील आमरींची चिकित्सा हाती घेतली. त्यांची टिपणे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने आली. १९६६ मध्ये ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा त्यांचा ग्रंथ भारत सरकारने प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील आमरींचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही. काही जुनी नावे त्यांनी एकत्र केली, काही वेगळी राखली.

पाचगणीचे नाव फुलाला कसे मिळाले?

सातारा जिल्ह्यातील पाचगणी, महाबळेश्वर आणि कास परिसरातील पठारांवर जमिनीतून उगवणारी हॅबेनेरिया पाचगणिएन्सिस ही आमरी आढळते. हे नाव सांतापाऊ आणि कपाडिया यांनी दिलेले. शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्यांची आडनावे लिहिण्याची प्रथा आहे. त्यामुळे जगात कुठेही या फुलाचा संपूर्ण उल्लेख झाला की पाचगणी, सांतापाऊ आणि कपाडिया एका ओळीत येतात.

ही आमरी सह्याद्रीच्या मर्यादित टापूतच सापडते. तिला दुसऱ्या एखाद्या सर्वत्र आढळणाऱ्या आमरीचे रूप मानले असते, तर तिच्या पठारावर बांधकाम झाले काय किंवा गाड्या फिरल्या काय, कागदोपत्री काहीच गमावले नसते. स्वतंत्र नाव मिळाले म्हणून ती स्वतंत्रपणे मोजता येते.

देशपातळीवर त्यांनी काय केले?

१९६१ ते १९६७ या काळात सांतापाऊ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख होते. ही संस्था १८९० मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर तिची पुनर्रचना झाली आणि पुण्यासह विविध ठिकाणी तिची विभागीय केंद्रे उभी राहिली. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. देशातील वनस्पतींचे नमुने देशातच आणि जिथे त्या उगवतात त्याच्या जवळ असले, तर ओळख पटवण्यासाठी प्रत्येक वेळी परदेशी संग्रहाकडे पाहावे लागत नाही.

१९६३ मध्ये त्यांना बिरबल साहनी पदक आणि १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. तज्ज्ञांपुरते न लिहिता सामान्य वाचकांसाठी त्यांनी भारतातील नेहमीच्या झाडांवर पुस्तक लिहिले. ते नॅशनल बुक ट्रस्टने काढले. १३ जानेवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

नाव चुकले तर बिघडते काय?

कायदा नावावर चालतो. १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत स्लिपर ऑर्किड, निळी व्हँडा आणि तांबडी व्हँडा या आमरींचा समावेश झाला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात तर संपूर्ण आमरी कुळ येते. पण पकडलेल्या मालातील फूल नसलेली काडी नेमक्या कोणत्या आमरीची, हे सांगता आले नाही, तर कोणते कलम लावायचे हेही ठरत नाही.

दुसरे कारण आमरीच्या बीमध्ये आहे. हे बी धुळीसारखे बारीक असते. रोपाला पोसणारा साठा त्यात नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि फूल यायला कित्येक वर्षे लागतात. रानातून ओरबाडून आणलेले रोप अंगणातल्या आंब्यावर बांधले, तर बहुतेकदा ते तग धरत नाही आणि रानातली जागाही रिकामी होते. दुर्मीळ रंगाचे म्हणून एखादे रोप काढले जाते, तेव्हा तो रंग त्या रानातून कायमचा जाण्याची शक्यता असते.

रानात आमरी दिसली तर काय करावे?

रोप उपटू नये, फूल तोडू नये. राखीव जंगलातून ते नेणे वन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. त्याऐवजी मोबाइलवर पाच फोटो घ्यावेत : फूल समोरून, फूल बाजूने (मागची नळी दिसेल असे), ओठाचा जवळून फोटो, पाने किंवा काड्या, आणि झाड किंवा जमीन दिसेल असा दुरून एक. सोबत तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. नुसत्या सुंदर फुलाच्या फोटोवरून तज्ज्ञालाही नाव सांगता येत नाही. बाजूने घेतलेला फोटो बहुतेक लोक विसरतात आणि नेमकी खूण अनेकदा त्यातच असते. अचूक ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण रोपे चोरणारेही ते वाचतात.

त्यांच्या कामातून आज काय उरले?

सांतापाऊ यांच्या सन्मानार्थ १९६० च्या दशकात दक्षिण भारतातील एका वनस्पतीला सांतापाउआ हे नाव देण्यात आले. पुढच्या अभ्यासकांना मात्र ती वनस्पती हायग्रोफिला या जुन्या गटातलीच असल्याचे दिसले आणि त्यांनी ती तिकडे हलवली. ज्या नियमाने सांतापाऊ यांनी इतरांची नावे तपासली, तोच नियम त्यांच्या नावालाही लागू झाला. पुरावा बदलला की नाव बदलते, मग ते कुणाचेही असो.

आता आमरींची ओळख पटवायला डीएनए तपासणीही आली आहे. तरीही तपासणीसाठी नमुना कुठून, कधी आणि कोणत्या फुलावरून घेतला याची नोंद लागतेच. ती नोंद करायला कुणीतरी पावसात घाट चढावा लागतो. मोडनिंबचा बागायतदार फळ हातात घेऊन वाण सांगतो, कारण त्याने तेच झाड बहरापासून तोडणीपर्यंत वर्षानुवर्षे पाहिलेले असते. फादर सांतापाऊ यांनी खंडाळ्याच्या रानात वेगळे काही केले नाही.